सातशे वर्षांची आत्या

आत्याला समोरचा माणूस एकटा कधी दिसलाच नाही. त्याच्या मागे त्याचा बाप, बापामागे आजा, अशी रांग तिला दिसायची, आणि ती रांग तपासून झाल्याशिवाय ती कुणाला पाणी देत नसे. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा, आणि ही विचारणार, "तू कोनाचा?" त्याने धापा टाकत बापाचं नाव सांगितलं की, "म्हंजे शेलारच्या बाळूचा नातू! तुझा आजा माझ्या लग्नात जेवाय बसला, तो मांडव सोडला तरी उठंना." गॅसवाला सिलिंडरसकट लाजायचा.

ती माझी सख्खी आत्या. दिघाशी गावी दिलेली. मूलबाळ नव्हतं, नवरा गेला, मग ती भिवंडीत एका पॉवरलूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. पिंड द्यायला सासरचा म्हणून एक पुतण्या उरला होता. तो इतक्या वर्षांत दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याने तिला 'सुमनकाकू' म्हणून हाक मारली. सुमन ही आत्याची धाकटी जाऊ. "उद्या ह्योच मला पिंड देनार," आत्या म्हणायची. "नाव चुकवंल मेला, आनि माझा पिंड जाईल सुमनला. एका घरात व्हतो तवा बी ती माझ्या ताटातलं खायची." आम्ही हसायचो. तीही हसायची, पण ही गोष्ट ती फार वेळा सांगायची, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शुक्रवारी लूम बंद असत, तेवढाच दिवस त्या खोल्यांत एकमेकांचं बोलणं ऐकू येई. म्हणून आमचा खेळ शुक्रवारी. मी, स्पेअर पार्टच्या दुकानातला सुनील आणि सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये हिशेब बघणारा फैज. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. फैजच्या चुलतभावाने मुंबईहून एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा फासा आणला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि अडेल तिथे फासा टाकायचा. गोष्ट मी सांगायचो. सुनील सरदार, फैज जादूगार. चौथा मित्र एक एल्फ बाई व्हायचा. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि एल्फ पोरकी झाली.

एल्फ म्हणजे काय, हे मला पाठ होतं. टोकदार कान, सडपातळ बांधा, हातात धनुष्य, जंगलात घर, हजारभर वर्षांचं आयुष्य. एल्फने कमी बोलावं, शुद्ध बोलावं, आणि मधूनमधून चंद्राकडे बघून उदास व्हावं, असं माझं ठाम मत. मी स्वभावाने गंभीर. पाववाल्याने चुकून एक पाव जास्त दिला तर मला रात्रभर झोप लागत नाही. खेळाचे नियमही मी तसेच पाळायचो.

आत्या लसूण सोलत ऐकत होती. "ह्या बाईला आता कोनी न्हाय का?" तिने विचारलं.

"नाही. ती आता गोष्टीतून जाईल."

"अशी कशी जाईल? किती वर्साची हाय?"

"सातशे."

"सातशे!" आत्याने लसूण बाजूला ठेवला. "मंग ती गप कशी बसंल? सातशे वर्सं जगलेली बाई चंद्राकडं बघत बसंल व्हय रं? तिला सगल्या गावाची लग्नं म्हाइत, बारशी म्हाइत, कोन कोनाबरोबर पललं ते म्हाइत. दे हिकडं ती बाई."

फैज म्हणाला, "दे दे, भाई. अपने पास वैसे भी कोई तमीज़वाला नहीं है."

अशी आत्या एल्फ झाली. पटावर तिची खूण म्हणून तिने खालच्या लूमवरची सुताची एक रिकामी कांडी आणून ठेवली.

पहिल्याच शुक्रवारी तिने माझी तीन आठवड्यांची तयारी मातीत घातली. पुलावर दरोडेखोर होते, पंचवीस. सुनीलने तलवार काढली, फैजने मंत्र. आत्या म्हणाली, "थांबा. ए, तुमचा म्होरक्या कोन? तू कोनाचा रं?" दरोडेखोराचा बाप मी ठरवला नव्हता. मी गडबडून एक नाव ठोकून दिलं. "म्हंजे त्याच्या बापाला मी मांडीवर घेतलाय," आत्या म्हणाली. "माझं लुगडं ओलं केलंय त्यानं. सर बाजूला." मी नियम म्हणून फासा टाकायला लावला. वीसच्या वीस पडले. दरोडेखोर बाजूला सरले आणि वर एकाने तिचं गाठोडं पलीकडे नेऊन दिलं.

पुढे राजाच्या दरबारात तेच, राक्षसाच्या गुहेत तेच. एल्फला घाई नसते, हे पुस्तकातही होतं. आत्या ते अशा रीतीने खेळायची: राजकन्येला ओढून नेलंय, सुनील घोड्यावर टांग टाकून तयार, आणि एल्फ म्हणते, "आधी जेवून घ्या. राजकन्या कुठं पलून जातीय?" एल्फ झोपत नाहीत असं मी वाचून दाखवलं, तेव्हा मात्र ती थोडी थांबली. "खरं हाय," म्हणाली. "मानसं गेली का झोप जाते. मंग भिताडाकडं बघायचं आनि एकेकाचं नाव घ्यायचं. रात पुरत न्हाय."

मग एका शुक्रवारी माझ्या हातून सुनीलचा सरदार मेला. मला इतकं लागलं की मी दोन दिवस सुनीलला चहा पाजत होतो. सुनीलला काहीच वाटलं नाही. पाच मिनिटांत त्याने नवा भालेकरी तयार केला. आत्याने त्याचा कागद हातातून काढून घेतला. "जुन्याचा दहावा कोन घालनार?"

"आत्या, तो कागदावर होता."

"त्याच्या बापाचं नाव काय?"

"बाप नव्हता ठरवला."

"बापाबिगर मेला? लाज न्हाय वाटत? आजा तरी सांग."

सुनीलला तिथे बसून मेलेल्या सरदाराच्या तीन पिढ्या रचाव्या लागल्या. त्यानंतर आमच्यात पणजोबा ठरवल्याशिवाय कुणी लढाईला जाईना. फैजच्या जादूगाराची वंशावळ तर मंत्रांपेक्षा लांब झाली. चार वर्षांत किती जण मेले, सगळ्यांचे दहावे एल्फने घातले. "एल्फ म्हंजे दुसरं काय रं?" आत्या म्हणायची. "सगल्यांच्या दहाव्याला उरते ती एल्फ."

एका शुक्रवारी तिने कांडी पटावर आडवी केली. "बस झालं. म्हातारी झाली. मरू दे तिला."

मी पुस्तक उघडलं. "एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत, आत्या."

"पुस्तक लिवनारा किती वर्साचा?"

"असेल चाळीशीचा."

"मंग त्याला काय म्हाइत?"

मी पुस्तक मिटलं. न झोपणारी एल्फ झोपेत गेली. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या शुक्रवारी आत्याने खरा भात शिजवला, त्याचा खरा पिंड वळला आणि आम्हाला गच्चीवर नेलं. जिवंत बाईच्या घरी पिंड! आईला कळलं असतं तर तिने मला दारात घेतलं नसतं. पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता. तो बघत होता, येत नव्हता.

"बोला," आत्या म्हणाली. "तिच्या मागं कोन हाय तुमच्याबिगर? मेल्यावर मला ऐकाय येनार हाय का? म्हंजे तिला."

सुनील म्हणाला, "आत्या, मी दर वर्षी येईन." कावळा हलला नाही. फैज म्हणाला, "मैं बिरयानी लाऊँगा." आत्या म्हणाली, "गप बस." मग ती माझ्याकडे वळली. "माझं नाव काय?"

सुनील आणि फैज एकमेकांकडे बघू लागले. चार वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण त्यांच्यासाठी ती नुसती आत्या होती. मला नाव माहीत होतं, पण ते मी आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं.

"मथुरा," मी म्हणालो.

"बाप?"

"गोविंद."

"आजा?"

"हरी."

"ह्या दोघांना शिकव. तो दिघाशीचा पुतन्या चुकनार हाय."

आम्ही तिघांनी मिळून म्हटलं. फैजने दोनदा म्हटलं, आजा आणि बापाची अदलाबदल झाली होती म्हणून. कावळा कधी आला, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. पिंड अर्धा गेला होता. "चला," आत्या म्हणाली, "उरल्या भाताचं थालीपीठ लावते."

त्यानंतर दीड वर्षाने ती गेली. झोपेत, एल्फसारखीच. दहावा कामवारी नदीच्या काठी होता. पिंड द्यायला पुतण्या बसला, हक्क त्याचाच. आम्ही तिघं मागे उभे. भटजींनी नाव विचारलं. पुतण्याने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "सुमन."

मागे बायकांत सुमन बसली होती, धडधाकट. "अरं मेल्या, मी हाय अजून!" ती ओरडली.

भटजी थबकले. आणि मी, जो चारचौघांत आवाज चढवायला घाबरतो, तो मोठ्याने म्हणालो, "मथुरा!" सुनील म्हणाला, "बाप गोविंद!" फैज सगळ्यात मोठ्याने म्हणाला, "आजा हरी!" भटजींना आजा नको होता, पण त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

पुतण्याने पिंड ठेवला. तो हात मागे घेतो न घेतो तोच कावळा उतरला, आणि टोच मारायच्या आधी मान वाकडी करून पुतण्याकडे बघत क्षणभर थांबला.

फैज माझ्या कानाशी वाकला. "देख," म्हणाला, "पूछ रही है उसको. तू कोनाचा?"