उचकटताईंनी जोडलेली डबी

जुने मोबाइल सुटे करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे उचकटताई म्हणत. कसलाही मोबाइल हातात द्या, पातळ पातं फटीत सरकवलं की टक्! दीड मिनिटात काच एकीकडे, आतली हिरवी पट्टी दुसरीकडे, आणि बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या बादलीत. बॅटरी चुकून चुरा करणाऱ्या यंत्रात गेली तर भडकाच उडायचा, म्हणून ताईंचा नियम कडक. बंद डबी दिसली की उघडायचीच. "न उघडता पुढे सरकवलं तर माझ्याशी गाठ आहे," हे साहेबांनाही सुनवायला त्या कमी करत नसत.

घरी मात्र सगळा आनंद! खणात मेलेले मोबाइल, तुटके चार्जर, एकाच कानाचे इयरफोन, सगळं 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं. नवरा चिडवायचा, "अगं, जगाला शहाणपण शिकवतेस, आधी आपला खण बघ." एके सकाळी हे बोलणं ताईंच्या फारच जिव्हारी लागलं. निघता निघता त्यांनी खण उचलला, पिशवीत उपडा केला आणि कारखान्यात नेऊन तपासणीच्या टेबलावर ओतला. काय तो तोरा!

साडेदहाला नवऱ्याचा फोन आला. "अगं, बाबांच्या कानाच्या मशीनची डबी खणात होती. काळी, इयरफोनच्या डबीसारखी. कुठे ठेवलीस?"

ताईंच्या सासऱ्यांना कित्येक वर्षं धड ऐकू येत नव्हतं. मशीन येऊन जेमतेम आठवडा झालेला. आज चार वाजता नातीचं शाळेत गाणं होतं. सात वर्षांची झाली पोर, आजोबांनी तिचं गाणं एकदाही ऐकलं नव्हतं. आदल्या दिवशी हौसेने दिवसभर मशीन घालून बसल्यामुळे ते पार उतरलं होतं, म्हणून डबीत घालून खणात ठेवलं होतं; ती डबी विजेला लावल्याशिवाय ते चार्ज होणार नव्हतं. म्हातारा बिचारा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ताईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्या टेबलाकडे धावल्या. तिथे बसणाऱ्या चष्मेवाल्या बाई खुशीत म्हणाल्या, "काळी डबी ना? केव्हाच उघडली. तुमचाच नियम, ताई!"

कानाची दोन्ही यंत्रं ट्रेमध्ये धडधाकट होती, पण डबीचे चार तुकडे झाले होते आणि तिची इवलीशी बॅटरी वाळूच्या बादलीत.

"आता जोडा हे," ताई म्हणाल्या.

"जोडायचं?" बाईंनी चष्मा वर केला. आसपासचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बारा वर्षांत त्या छपराखाली कोणी साधा डबासुद्धा जोडला नव्हता.

साहेबच पुढे आले. भिंतीवर डब्या सुट्या करायचा तक्ता होता. "हा खालून वर वाचायचा," ते म्हणाले आणि शाळामास्तरांसारखे एकेक पायरी उलटी वाचू लागले. ताईंनी तारा जोडायला डाग द्यायची तापती कांडी हातात घेतली. पहिल्यांदा दिवा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तर झाकण बसेना. "घ्या, अजून उचकटा!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले; ताईही हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. शेवटी झाकण चिकटपट्टीने आवळलं, आणि आतला हिरवा दिवा पेटलेलाच राहिला. साहेबांनी टाळ्या पिटल्या आणि लगेच सगळ्यांना कामाला हाकललं. ताईंनी कानाची यंत्रं डबीत घालून चार्ज करायला ठेवली.

चार वाजता शाळेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत सून आणि सासरे शेजारी शेजारी बसले होते. पोर गायला उभी राहिली. ताईंचं लक्ष गाण्याकडे कुठलं, त्या सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. चेहरा मख्ख. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, टाळ्याही झाल्या, तरी मख्खच. गेलं सगळं मातीत, असं ताईंना वाटलं.

मग सासरे त्यांच्याकडे झुकले. "दुसऱ्या कडव्यात पोर जरा घसरली. उद्यापासून मी बसतो तिच्याबरोबर."

ताईंना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी सासऱ्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडल्या, "बसा ना, बाबा!"

अख्खं सभागृह त्यांच्याकडे वळलं. म्हाताऱ्याने कानावर हात ठेवला.

"अगं, ओरडतेस काय? ऐकू येतंय मला."