पान उलटेपर्यंत

दुपारचं जेवण आटोपून रेजिना ओटीवरच्या बाकावर आडवी होते. कानात इअरफोन, आणि त्यात एक सिंफनी चालू. हयात असलेल्या इंग्रज संगीतकाराची, अगदी अलीकडची. रेजिनाचा धाकटा भाऊ फेबियन इंग्लंडमधल्या एका वाद्यवृंदात वीसेक वर्षं व्हायोलिन वाजवत होता. हे त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग. ते संपलं आणि पंधरवड्याच्या आत त्याचं हृदय बंद पडलं. सीडी निघालेली त्याने पाहिलीही नाही.

येत्या रविवारी वसईला, त्यांच्या चर्चमध्ये, त्याच्या पहिल्या पुण्यतिथीची मिस्सा आहे. मिस्सेनंतर यातला थोडा भाग लावू या, असं फादर म्हणालेत. फेबियन ऐकू येतो तो भाग. आणि रेजिनाला तर तो कुठेच ऐकू येत नाही. नुसती व्हायोलिनंच तीसेक. त्यातून आपला भाऊ वेचायचा कसा? पास्कलने, तिच्या नवऱ्याने, सीडी फोनवर घालून दिल्यापासून ती तेच ते मागे-पुढे करत बसलीय. "डोकं धरेल अगं," एवढंच तो म्हणाला, तर केवढ्याने खेकसली त्याच्यावर.

डोळे जड होतात. धडधड चाललीय ती सिंफनीतल्या ढोलांची की वाडीतल्या पंपाची, नीट कळत नाही. उठून बंद करावा पंप, असं तिच्या मनात येतं. ती उठतेही.

पायरीवर फेबियन बसलाय. अंगात काळा कोट, पाय अनवाणी. गुडघा सारखा हलतोय.

"ताई, चल लवकर. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की आत सोडत नाहीत."

"जेवलास का?"

"नंतर."

तो केळींच्या रांगांमधून भराभर निघतो, ती पदर खोचून मागे. पाटाला पाणी सोडलंय आणि पाटाच्या दोन्ही अंगांना खुर्च्या मांडल्यात. खुर्च्यांवर काळ्या कपड्यांतली माणसं वाद्यं लावतायत. कुणी मान वर करत नाही. फेबियन एकेका खुर्चीपाशी वाकतो, बघतो, पुढे जातो.

"तुझी जागा तुला ठाऊक नाही?"

"इथेच तर होती."

केळीची पानं वर वर जातात, त्यांचं उंच छत होतं, आणि पायाखाली लाकडी जमीन लागते. रेजिनाची ओली चप्पल चरचर वाजते. समोरच्या भिंतीवर लाल दिवा पेटतो. सगळे एकदम गप्प.

"आता बोलायचं नाही," फेबियन कुजबुजतो.

"मी बोलणार. यात तू कोणता, ते सांग. रविवारी लोक विचारतील मला."

तो हसू दाबतो. "वेगळा ऐकू आलो असतो तर केव्हाच घरी पाठवलं असतं मला."

"थट्टा नको, फेबियन. झोप लागत नाही मला."

तो तिच्याकडे वळतो. गुडघा मात्र हलतोच आहे. "दोघांत नोटेशनचा एक स्टँड असतो. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा थांबतो आणि उलटतो. बाहेरचा वाजवत राहतो. मी आतल्या बाजूचा. संथ भागात एके ठिकाणी आवाज जरा पातळ होतो बघ. आम्ही आतले सगळे थांबलेलो असतो तिथे."

"थांबलेला काय करायचाय मला?" रेजिनाचा आवाज चढतो. "वाजवताना हवास."

फेबियन लाल दिव्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो. "मग तू उलट पान."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी मान हलवीन."

तो बसतो. खुर्ची त्याचीच असणार, कारण गुडघा आता थांबलाय. संथ भाग सुरू होतो. ती त्याच्या मानेवरून नजर हलवत नाही. मान हलते. पान हलत नाही! दोन पानं चिकटलीत एकमेकांना. बाकीच्या स्टँडवर हात पुढे आलेसुद्धा, आवाज विरळ होऊ लागलाय. ती अंगठा आत घुसवते आणि पान ओढून उलटते.

फेबियन थांबत नाही.

आवाज थोडा खरखरीत, सुराला किंचित खालून जाऊन भिडणारा. लहानपणी चर्चमध्ये गायचा, तो असाच गायचा. रेजिनाला सांगावं लागत नाही कुणी. मग आतले बाकीचे पुन्हा वाजवू लागतात आणि तो त्यांच्यात मिसळून जातो.

"अजून एक उलटू?" ती घाईने विचारते.

"आता शेवटपर्यंत नाही, ताई. आता नुसतं ऐक."

दिवा विझतो.

"चहा टाकू का?" पास्कल तिचा खांदा हलवतोय. ऊन ओटीवर आलंय. फोन केव्हाचा गप्प झालाय.

"फादरांना सांग, संथ भाग लावा," रेजिना उठत म्हणते. "मधे आवाज पातळ होतो, तिथला."

"सापडला?" पास्कल विचारतो.

ती कानातला इअरफोन काढायला जाते आणि "स्स" करून हात मागे घेते. उजव्या अंगठ्यावर एक सरळ, बारीक चीर. कोऱ्या कागदाने कापते तशी. बघता बघता चिरेवर रक्ताचा थेंब धरतो.

पास्कल बाकावर बघतो, बाकाखाली बघतो. कागदाचा कपटा नाही कुठे.

"कशाने कापलं गं?"

रेजिना अंगठा तोंडात धरून बसते.