घराला नंबर नसलेली आत्या
मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आत्याचा. किन्हवलीत स्वतःच्या घरी ठेवून तिनेच मला पदवीपर्यंत शिकवलं. आता अर्जात ‘घर क्रमांक’ दिसला की तिचा भाताच्या तुसाच्या वासाचा ओटा आठवतो. नोकरीला लागलो, तेव्हा आमची टीम एका मोठ्या दुकानाची वेबसाइट नव्याने करत होती. सुट्टीत मी ती आत्याच्या फोनवर उघडून दिली. तिला दुखऱ्या गुडघ्यासाठी पट्टा मागवायचा होता. पण घर क्रमांक भरल्याशिवाय अर्ज पत्त्यापुढे जाईना. “घराला नंबर नाय, म्हंजे आमी राहतच नाय का रे, सायेब?” ती हसली. तो रकाना सक्तीचा मीच केला होता. नोकरीत नवा होतो, तरी टीमसमोर चूक कबूल केली आणि आम्ही ती सुधारली. मग तिला पत्र लिहिलं: “आत्या, तुझ्या घरात वाढलो आणि तुझंच घर विसरलो. आता नंबराशिवाय पत्ता चालतो. पट्टा तूच मागव.”