माझी धून, त्याचे बैल

मंडळी, डोकं तापलंय म्हणून इथे लिहितेय.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तीच क्लॅरिनेट माझी मी शिकले, पियानोही तसाच. दोन्हींसाठी रचलेली पहिली धून आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर टाकली.

दुपारपर्यंत कुणी एक अक्षर बोललं नाही. मग डिंगोरे गावच्या माझ्या चुलतभावाची रील आली. त्याचा बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, पळतोय आणि मागे माझा पियानो वाजतोय. क्लॅरिनेट गायब.

लगेच फोन केला. म्हणाला, "ताई, ती पिपाणी मधीच रडत व्हती, म्हून कापली. बाकी लई भारी. कुठून डाऊनलोड केलं?"

"मी बनवलंय ते."

तो हसला. "चेष्टा करती व्हय?"

मागच्या शर्यतीत माईकवरचा माणूस याच्या एका बैलाचं नाव घ्यायला विसरला, तर याने गाडा अडवून धरला होता. "नाव पुकारल्याबिगर गाड्याची बारी सुटायची नाय," म्हणत होता.

आजच्या रीलवर चारही बैलांची नावं आहेत. गाड्याच्या पुढे पळणाऱ्या घोडीचंही आहे. आता तुम्हीच सांगा, माझं नाव कुठे टाकायला सांगू, घोडीच्या आधी की नंतर?