पिवळी कॅसेट

स्पिरिटचा वास आला की मला फ्रीगंजमधली माझ्या चुलतभावाची खोली आठवते आणि तोंड कडू होतं. पडदे ओढून, एसी लावून तो तिथे जुने व्हिडिओ गेम कॉम्प्युटरवर जमवून ओळीनं लावत बसायचा. हजारो गेम, देशवार, सालवार, प्रत्येकाला कव्हरचा फोटो. त्याला खेळताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. एकदा मी आम्हा दोघांची लहानपणची व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट त्याच्याकडे नेली, देवास गेटच्या दुकानातली, जिच्यावर नऊ लाख गेम लिहिलेले होते आणि निघायचे चार. स्पिरिटच्या बोळ्यानं तिची मशीनमध्ये बसणारी पितळी पट्टी पुसून त्यानं मशीनवर कॉपी उतरवली, आणि आमच्या खेळण्यानं आधीच झिजलेली कॅसेट तिथेच कायमची बंद पडली. "असू दे, कॉपी तर आहे," मी म्हटलं. तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "वो तो डिलीट कर दी. नकली माल होता, अस्सल गेमच्या लिस्टशी मॅच होत नव्हता. फालतू में कलेक्शन खराब होता." मग त्यानं मोठ्या अदबीनं तोच गेम अस्सल जपानी काढून दिला. त्यात तीनच लाइफ होत्या. आमच्या नकलीत तीस मिळायच्या आणि आम्ही दोघं त्या तासाभरात संपवायचो. "दादा, हा आपला नाही," मी म्हटलं, तर त्यानं मला लिस्ट दाखवली. आजही मी कधीतरी त्या कॅसेटची पट्टी पुसतो. ती चालत नाही. पण ती निदान खेळून खेळून मेली, त्याच्या कलेक्शनच्या नशिबी तेवढंही नाही.