टाकीतली टकटक

कानात घालायची यंत्रं दुरुस्त करणं हा धाकटीचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं टेबल, भिंग आणि बारीक चिमटे. दुनियेला ऐकू यावं म्हणून तिची बोटं राबत, पण सख्ख्या ताईपुढे तिनं हात टेकले होते. यंत्राचा आवाज कितीही वाढवला तरी ताईच्या कानात नुसता गलका होई. शेवटी ताईनं यंत्र डबीत ठेवून दिलं आणि माशांची टाकी आणायचं डोक्यात घेतलं.

"मासे कुठे बोलतात? आमचं छान जमेल," ती म्हणाली.

तीही साधी टाकी नाही, समुद्राची. शुद्ध पाण्यात मीठ कालवायचं, खारेपणा मोजायचा, समुद्रातले खडक रचायचे आणि पाणी मुरेपर्यंत एकही मासा न सोडता नुसतं बघत बसायचं. ताईनं सगळं निगुतीनं केलं. रोज जेवढं पाणी उडून जाई तेवढं गोडं पाणी ती वरून घाली. "पाणी उडतं, मीठ मागेच राहतं," हे तिनंच धाकटीला समजावलं. खडकांवर जांभळी साय धरली, प्रवाळाचे चिकटवलेले तुकडे फुलारले. मग मासे आले, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आल्या.

आणि त्या गोगलगायी फुटायला लागल्या. सकाळी बघावं तर वाळूवर शंखाच्या ठिकऱ्या. मग एक मासा नाहीसा झाला. काटासुद्धा सापडला नाही.

एकदा ताईनं काचेवर तळवा टेकला आणि तिचा चेहरा बदलला. "छोटे, आतून कुणीतरी ठोकतंय."

"पंप असेल गं."

बहिणीच्या ओठांवरून ताईनं शब्द उचलले आणि मान हलवली. "पंप थरथरतो. हे ठोकणं आहे."

धाकटीनं पंप बंद केला. घर गप्प झालं. मग खडकाच्या पोटातून आवाज आला. टक्. जन्मभर आवाज तपासण्यात गेलेल्या त्या बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

टाकीवाल्याला बोलावलं. त्यानं काडीला मांसाचा तुकडा टोचून खडकातल्या भोकापाशी धरला. आतून दोन देठ पुढे आले; देठांच्या टोकाला डोळे. दोन्ही वेगवेगळे फिरत होते. एक टाकीवाल्याकडे बघत होता, दुसरा ताईकडे.

"खडकात लपून आलीय ही," तो म्हणाला. "कोळंबीची चुलत बहीण समजा, पण ठोसा असा मारते की बोट फुटेल. पातळ काचही तडकवते. मी घेऊन जातो, मॅडम."

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली. "ती माझी आहे."

"अगं, तिनं तुझा मासा गिळलाय!"

"भूक लागली असेल तिला."

हट्टाला पेटलेल्या ताईपुढे कुणाचं चाललंय? जाड प्लॅस्टिकची वेगळी टाकी करून घेतली, तो खडक तिच्यात ठेवला आणि ती टाकी ताईच्या खोलीत, बुटक्या स्टुलावर गेली.

तेव्हापासून ताई दाराकडे पाठ करून तिथंच जमिनीवर बसू लागली. बोटानं टाकीवर टिचकी मारायची, आतून उत्तर यायचं. ती खुदकन हसायची. बाहेर टेबलावर धाकटीच्या हातातला चिमटा थांबायचा.

एका दुपारी धाकटी अनवाणी, चोरपावलांनी ताईच्या दारात जाऊन उभी राहिली. आत टकटक झाली. मागे न वळताच ताई म्हणाली, "ये की आत. अशी चोरून काय बघतेस?"

"तुला कसं कळलं?" धाकटीनं समोर जाऊन विचारलं.

ताईनं टाकीकडे बोट दाखवलं. "तू आलीस की ती सांगते."

धाकटी पुन्हा कधी चोरून त्या दारात उभी राहिली नाही.

पाऊस थांबून ऊन पडलेल्या एका दुपारी टकटक सुरू झाली ती थांबेचना. टिचकी नाही, हसू नाही, नुसते ठोसे, एकामागून एक. धाकटी वैतागून उठली. ताई जमिनीवर पडली होती, तोंड वाकडं झालेलं, डोकं स्टुलावरच्या टाकीला टेकलेलं.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ताई वाचली. एक हात लुळा पडला, बोलणं जड झालं, पण घरी आल्याबरोबर तिनं चांगला हात टाकीवर ठेवला.

"तिनंच मला वाचवलं ना?" तिनं अडखळत विचारलं.

"हो, ताई," धाकटी म्हणाली.

दारातून दिसलेलं मात्र तिनं कधीच सांगितलं नाही. ताईचा गाल टाकीला चिकटला होता, आणि आतून ते जनावर नेमकं तिथंच, तिच्या उघड्या डोळ्यासमोर ठोसे मारत होतं. प्लॅस्टिकवर पांढरा ओरखडा उमटला होता.

हल्ली खाऊ घालायचं काम धाकटीकडेच आहे. ती लांब काडी वापरते. एक डोळा तुकड्यावर असतो, दुसरा तिच्यावर.