वडिलांच्या उठाबशा

तापातून बरे झाल्यावर आठवड्याभरात माझे वडील संडासात अडकले. कडी आतून लावलेली, आणि बसलेलं उठता येईना. आधी बादली सरकल्याचा आवाज आला, मग भिंतीवर हात आपटल्याचा, आणि मग अगदी बारीक आवाजात, "अगं, तुझ्या आईला पाठव." आईच्याने दार उघडेना. शेवटी मी बिजागरीचे स्क्रू काढले. दार निघालं तेव्हा वडिलांनी टॉवेल तोंडावर धरला होता, मांडीवर नाही.

या माणसाने भोसरीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं पायाने दाबायचा प्रेस चालवला. लहानपणी त्यांच्या उजव्या मांडीला माझ्या दोन्ही हातांचा मिळूनही वेढा बसत नसे. आता एका हाताच्या पंजात जवळजवळ मावेल अशी ती झाली होती.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. जमलं नाही. "वयाने मांस झडतंच, तापाने आणखी झडलं," डॉक्टर म्हणाले. किडनीची तपासणी करून घेतली, मग डाळ, अंडी आणि जोडीला प्रोटीनची पावडर लिहून दिली. आणि व्यायाम: खुर्चीतून उठायचं, बसायचं, एक दिवसाआड. "मधल्या दिवशी विश्रांती. मांस विश्रांतीतच वाढतं."

घरी आल्यावर मी म्हणाले, "बाबा, कमोड बसवून घेऊ."

"खुर्चीवर बसून हगायला मी काय म्यानेजर हाय?" वडील मूळचे लातूरकडचे. भोसरीत इतकी वर्षं काढली तरी जीभ तिकडचीच राहिली. "दिवाळीपर्यंत माझ्या पायानं उठून दावतो. न्हाई जमलं तर बसव तुझी खुर्ची." तोवर आईने दाराशी उभं राहायचं आणि हात द्यायचा, असं ठरलं. तो हात घेताना ते रोज आईला शिव्या देत.

डॉक्टरांनी व्यायाम म्हणून जे सांगितलं, त्याला आमच्या घरात उठाबशाच म्हणत. त्या मला चांगल्या माहीत होत्या. मी शाळेला आजोळी, तालुक्याच्या गावी होते. सुट्टीत भोसरीला आले की वडील पुस्तक हातात घेऊन माझा अभ्यास घेत. ते स्वतः चौथी शिकलेले, त्यातलं त्यांना फारसं वाचता येत नसे. म्हणून ते चूक धरत नसत, अडखळणं धरत. अडखळले की कान धरून दहा उठाबशा. "टाच उचललीस. ही धरत न्हाई. परत." शेजारच्या मुली दारात उभ्या राहून हसत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि त्याचं श्रेय मी नेहमी वडिलांनाच देते. ते खोटंही नाही.

आज मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तिथे असतो तसा तक्ता मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. टार्गेट पुरं झालं की हिरवं, राहिलं की लाल. आधी खुर्चीवरून, मग प्लास्टिकच्या स्टुलावरून, मग चौरंगावरून, शेवटी पाटावरून. पाटावरून उठता आलं म्हणजे संडासातूनही उठता येणार. डॉक्टरांनी एक दिवसाआड सांगितलं होतं. मी रोज करून घेत होते. जास्त केलं तर लवकर होईल, इतका साधा हिशेब होता माझा. ओव्हरटाइमवर वाढलेल्या घरात याहून वेगळा हिशेब कोणाला सुचला नाही.

पहिल्या दिवशी दुधात पावडर ढवळून दिली तेव्हा त्यांनी वास घेतला. "पेंड घालायलीस व्हय? चाकणच्या गुरांच्या बाजारात इकायचं हाय काय मला?"

"या तब्येतीला गिऱ्हाईक मिळायचं नाही," मी म्हणाले. "प्या."

आई हसली. तेही हसले, आणि प्याले. सातव्या उठाबशीला त्यांचा हात नकळत गुडघ्यावर गेला आणि माझ्या तोंडून सहज आलं, "हात टेकलात. ही धरत नाही. परत." ते माझ्याकडे बघत राहिले. मग परत केली. मला तेव्हा जे वाटलं ते चांगलं नव्हतं, पण ते मला आवडलं होतं.

पाच आठवड्यांत ते चौरंगावर आले. मांडीला हात लावून आईला म्हणत, "बघ, भरायलीय." खरंच थोडी भरली होती. मी म्हणायचे, "तक्ता बघा. दोन लाल आहेत."

मग कंपनीत ऑडिट आलं. शनिवार-रविवार मला जावं लागणार होतं. शुक्रवारी सकाळी डबा भरता भरता मी सांगितलं, "सोमवारी माझ्यासमोर पाटावरून दहा. नाहीतर मंगळवारी कमोडचा माणूस येतोय."

"दिवाळी लांब हाय अजून."

"तुमची चाल बघता दिवाळीची वाट बघण्यात अर्थ नाही."

"मला वाटलं व्हतं, शिकून तू सायेब व्हशील," वडील म्हणाले. "मुकादम झालीस."

प्रेसवर त्यांची एक जुनी रीत होती. अंग हलकं असेल त्या दिवशी जास्त माल काढायचा, जास्तीचा बाकाखाली दडवायचा, आणि दुसऱ्या दिवशी अंग जड असलं की तोच बाहेर काढून टार्गेट पुरं दाखवायचं. सगळेच करत. त्याला ते आगाऊ म्हणत.

शनिवारी पाच वाजता मी घरी आले तेव्हा तक्त्यावर शनिवार, रविवार आणि सोमवार, तिन्ही रकाने हिरवे होते. आईने रंगवले होते. वडील भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले.

"सोमवारचं बी झालं," आई कौतुकाने म्हणाली. "एका सकाळीत. पाटावरून. आगाऊ."

मी चप्पलही काढली नव्हती. लाल पेन घेतलं आणि दोन रकान्यांवर काट मारली. "हे धरत नाही. उठा, माझ्यासमोर करून दाखवा."

ते उठले नाहीत. मी पुन्हा म्हणाले, "नाटकं नकोत, बाबा." तेव्हा आईने चादर बाजूला केली. गुडघा सुजला होता आणि त्याच्या वर, जिथे मांडी सुरू होते तिथे, बोट जाईल एवढा खड्डा पडला होता. सकाळपासून ते तसेच पडून होते. तक्ता हिरवा राहावा म्हणून त्यांनी आईला दुखणं सांगू दिलं नव्हतं.

गुडघ्यावरची, मांडीचं मांस हाडाला बांधणारी शीर तुटली होती. ऑपरेशन झालं, पाय कित्येक आठवडे बांधून ठेवला, आणि पाच आठवड्यांत भरलेलं मांस त्याच्या निम्म्या वेळात गेलं. "एक दिवसाआड सांगितलं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "मीच ऐकलं न्हाई." आणि माझ्याकडे बघितलं. ते मला वाचवायला म्हणाले की माझ्या डोक्यावर ओझं ठेवायला, ते मला अजून कळलेलं नाही.

कमोड बसला. आईचा खांदा दुखतो, म्हणून सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मीच त्यांना उठवते. त्यांच्या काखेत हात घालायचे, गुडघे वाकवून खाली बसायचं, त्यांना घेऊन उठायचं. खाटेवरून एकदा, कमोडवरून एकदा. पहिल्या दिवसापासून ते माझ्या कानाशी मोजतात. "एक." "दोन." त्यांनी आता टॉवेल तोंडावर घेणं सोडलं आहे. तोंड वळवायचं ते मीच वळवते.

परवा कमोडवरून उचलताना माझा तोल गेला आणि मी भिंतीला हात टेकला. ते माझ्या खांद्यावर लोंबकळत होते, पाय जमिनीला नीट टेकलेही नव्हते.

"ही धरत न्हाई," ते म्हणाले. "परत."

मी त्यांना पुन्हा खाली बसवलं, आणि परत उचललं.